लाल पांडाची फांदी: पावणेदोनशे वर्षं अडकलेल्या एका नात्याचं प्रकरण

लाल पांडा मांजरापेक्षा थोडा मोठा, झाडावर राहणारा आणि बांबूची पानं खाऊन जगणारा प्राणी आहे. वर्गीकरणात मात्र तो मांसाहारी गणात मोडतो. या गणात त्याची आज मान्य असलेली जागा अशी: वीझल, मार्टेन, बॅजर आणि पाणमांजरं यांचं एक कुल. रॅकून आणि त्याच्या भाईबंदांचं दुसरं. ही दोन कुलं एकमेकांना सर्वांत जवळची. या जोडीला बाहेरून लागून लाल पांडाचं कुल, आणि त्याच्याही बाहेर दुर्गंधी फवारा सोडणाऱ्या स्कंकांचं. चारही कुलं मिळून मस्टेलॉइडिया हे अधिकुल होतं. त्याला सर्वांत जवळचे सील आणि वॉलरस, त्यानंतर अस्वलं.

हे चार वाक्यांत सांगून होतं, पण इथवर पोचायला १८२५ ते २००९ इतका काळ गेला. कोणता पुरावा फसवा निघाला, तो का फसवा होता आणि गाठ कशाने सुटली, हे समजलं की या गटातली बाकीची नातीही वाचता येतात.

दातांवरून लागलेला माग

थॉमस हार्डविक यांनी हिमालयातल्या या प्राण्याचं वर्णन १८२१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीसमोर वाचलं. ते छापून यायला १८२७ उजाडलं. मधल्या काळात, १८२५ मध्ये, फ्रेडरिक क्युव्हिए यांनी आयलुरस फल्जन्स हे नाव देऊन वर्णन प्रसिद्ध केलं. नावाचा मान त्यांना गेला, आणि त्यांनी त्याला रॅकूनच्या जवळ बसवलं. शेपटीवरचे पट्टे, चेहऱ्यावरच्या खुणा, कवटीचा आखूडपणा आणि मुख्य म्हणजे दाढा पाहता ते वावगं वाटण्यासारखं नव्हतं.

गुंता वाढला तो मोठ्या पांडामुळे. आर्मां डेव्हिड यांनी १८६९ मध्ये त्याचं वर्णन अस्वल म्हणूनच केलं होतं. पुढच्याच वर्षी आल्फोन्स मिल्न-एडवर्ड्स यांनी हाडं आणि दात तपासले आणि ते लाल पांडाशी जुळतात असं मत दिलं. दोघांच्याही उपदाढा रुंद आणि अनेक उंचवटे असलेल्या, दोघांच्याही मनगटात अंगठ्यासारखं जादा हाड, दोघंही बांबू खाणारे. तेव्हापासून दोन्ही पांडा एका दोरीत बांधले गेले. एकाचा निकाल लागल्याशिवाय दुसऱ्याचा लागेना. १९६४ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमचे ड्वाइट डेव्हिस यांनी मोठ्या पांडाचं शरीर स्नायू-हाडांसह तपासून ते अस्वलच आहे असा स्पष्ट निष्कर्ष काढला. त्यामुळे मोठ्या पांडाचा प्रश्न बराचसा मिटला, पण लाल पांडा लोंबकळतच राहिला.

इथे एका दाताकडे नीट पाहायला हवं, कारण या प्रकरणाचं मर्म त्यात आहे. वरच्या जबड्यातली दुसरी दाढ घ्या. कुत्र्याला ती असते, अस्वलाला असते, रॅकूनला असते आणि लाल पांडालाही असते. वीझलच्या कुलात ती नाहीशी झाली आहे आणि स्कंकांमध्येही नाही. आता नुसतं ‘कोण कोणासारखं’ असं मोजलं तर दोन जोड्या तयार होतात: दाढ असलेले रॅकून आणि लाल पांडा, दाढ गेलेले वीझल आणि स्कंक. जुन्या वर्गीकरणात नेमकं हेच झालं. लाल पांडा रॅकूनकडे गेला, स्कंक वीझलच्या कुलात एक उपकुल होऊन बसले.

पण दुसरी दाढ असणं हा या सगळ्यांच्या दूरच्या पूर्वजाकडून आलेला वारसा आहे. तो कुत्र्याकडेही आहे, तेव्हा तो टिकून राहिला म्हणून रॅकून आणि लाल पांडा जवळचे ठरत नाहीत. दाढ गमावणं ही नवी घटना खरी, पण आहार मांसाकडे झुकला आणि जबडा आखूड झाला की मागची दाढ जाणं सोपं असतं. ते दोन वेगळ्या फांद्यांवर स्वतंत्रपणे घडू शकतं, आणि घडलंही. एकाच दाताने दोन कुलांच्या जागा चुकवल्या. नातं ठरवायला उपयोगी पडतं ते फक्त नवं, एकदाच घडलेलं आणि पुढे वाटलं गेलेलं लक्षण. या कसोटीवर लाल पांडाची जुनी लक्षणं तपासली तर हाती जवळजवळ काही उरत नाही. चेहऱ्यावरच्या खुणा आणि शेपटीचे पट्टे तर मांसाहारी गणात अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे आलेले आहेत.

रेणूंचा पहिला निकाल, आणि तो अर्धाच का होता

१९८५ मध्ये स्टीफन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी डीएनए संकरण, प्रथिनांमधले फरक आणि गुणसूत्रांवरचे पट्टे हे सगळे पुरावे एकत्र आणले. मोठ्या पांडाची ४२ गुणसूत्रं अस्वलांच्या ७४ पेक्षा फार वेगळी दिसतात. पट्टे जुळवल्यावर मात्र दिसलं की अस्वलांचीच गुणसूत्रं जोडीजोडीने एकमेकांना चिकटून पांडाची झाली आहेत. मोठा पांडा अस्वलांच्या कुलात पक्का झाला. लाल पांडा मात्र या अभ्यासात पुन्हा रॅकूनच्या बाजूला गेला.

याचं कारण पद्धतीत आहे. डीएनए संकरणात दोन प्राण्यांचे धागे एकत्र करून ते किती तापमानाला सुटतात हे पाहतात. त्यावरून दोघांमधलं एकूण अंतर कळतं, पण ते अंतर कोणत्या बदलांनी आणि कोणत्या फांदीवर साचलं हे कळत नाही. तीन-चार कुलं जवळजवळ एकाच वेळी फुटली असतील तर सगळी अंतरं सारखीच येतात आणि मोजमापातली बारीकशी चूकसुद्धा जोडी ठरवून टाकते. मोठ्या पांडाच्या बाबतीत फरक मोठा होता म्हणून उत्तर बरोबर आलं. लाल पांडाच्या बाबतीत तो फारच लहान होता.

१९९७ मध्ये ड्रॅगू आणि हनीकट यांनी स्कंकांना वीझलच्या कुलातून बाहेर काढून स्वतंत्र कुल दिलं, आणि आग्नेय आशियातले दुर्गंधी बॅजर त्यांच्या सोबत ठेवले. लाल पांडाच्या प्रकरणाला ही फार मोठी मदत झाली, कारण स्कंक वीझलच्या आत आहेत असं धरून चाललं तर तिढा दिसतच नाही. २००० मध्ये जॉन फ्लिन आणि सहकाऱ्यांनी पेशीकेंद्रातला एक इंट्रॉन (जनुकातला प्रथिनात न उतरणारा तुकडा) आणि मायटोकाँड्रियातली (स्वतःचा वेगळा डीएनए असलेल्या, पेशीतल्या ऊर्जाकणांतली) तीन जनुकं वापरून लाल पांडाला या चार कुलांच्या गटात आणलं. तो अस्वलांचाही नाही आणि रॅकूनच्या पोटातलाही नाही, एवढं ठरलं. चौघांत आधी कोण फुटलं हे मात्र त्या माहितीतून निघेना.

अडचण आकड्यांत

२००९ मध्ये साटो, वोलसान आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ही चारही कुलं ऑलिगोसीन काळात, सुमारे ३० लाख वर्षांच्या खिडकीत वेगळी झाल्याचा अंदाज आला. त्यानंतर आजपर्यंत गेली सुमारे तीन कोटी वर्षं. म्हणजे जी आतली फांदी शोधायची ती दहा-पंधरा लाख वर्षांची, आणि तिच्यावर तीन कोटी वर्षांची धूळ.

हिशोब करून पाहू. समजा, पेशीकेंद्रातल्या जनुकाच्या सांकेतिक (म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेल्या) भागात दर १,००० डीएनए-अक्षरांमागे १० लाख वर्षांत साधारण एक बदल होतो. आतली फांदी १० लाख वर्षांची असेल तर १,००० अक्षरांच्या एका जनुकात तिची साक्ष देणारा जेमतेम एक बदल सापडेल. पुढच्या तीन कोटी वर्षांत त्याच जागेवर दुसरा बदल होऊन तो पुसलाही जाऊ शकतो. मायटोकाँड्रियातल्या सायटोक्रोम बी या सुमारे १,१४० अक्षरांच्या जनुकात बदल कित्येक पटींनी वेगाने होतात. तिथे सुरुवातीला साक्षी भरपूर होते, पण प्रत्येक कोडॉनच्या, म्हणजे तीन अक्षरांच्या गटाच्या, तिसऱ्या जागेवर इतक्या वेळा अक्षर बदललंय की जुनी खूण उरलेलीच नाही. इतक्या खोल फुटीसाठी हे जनुक एकटं वापरलं की ठामपणे चुकीचं उत्तर मिळण्याचा धोका असतो. जवळच्या जातींसाठी मात्र तेच उत्तम.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. पूर्वज-समूहात एका जनुकाची दोन-तीन रूपं एकाच वेळी नांदत असतात. समूह पटापट फुटला तर कोणतं रूप कोणत्या फांदीला मिळालं याचा क्रम जातींच्या फुटीच्या क्रमाशी जुळेलच असं नाही. त्याला वंशरेषांची अपुरी विभागणी म्हणू. तीन फांद्यांच्या बाबतीत याची शक्यता मोजायची रीत सोपी आहे. आतल्या फांदीचा काळ घ्या आणि त्याला प्रभावी समूहसंख्येची (प्रत्यक्ष प्रजननात भाग घेणाऱ्यांच्या अंदाजी संख्येची) दुप्पट गुणिले पिढीचा काळ याने भागा. या भागाकाराला ट म्हणा. जातींच्या झाडाशी न जुळणाऱ्या जनुकांचं प्रमाण येतं दोन-तृतीयांश गुणिले ई (सुमारे २.७१८) चा उणे ट घात.

उदाहरणादाखल प्रभावी समूह २ लाखांचा आणि पिढी ३ वर्षांची धरली, तर भाजक १२ लाख वर्षं. आतली फांदी १० लाख वर्षांची असेल तर ट येतो ०.८३ आणि न जुळणारी जनुकं सुमारे २९ टक्के. फांदी फक्त ३ लाख वर्षांची असेल तर ट ०.२५ आणि न जुळणारी जनुकं ५२ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त जनुकं ‘खोटी’ साक्ष देतात, तीही कुठलीही चूक न होता. दोन्ही चुकीच्या झाडांना मिळणारा वाटा मात्र सारखाच, २६-२६ टक्के, असायला हवा. प्रत्यक्ष माहितीत एका चुकीच्या झाडाचा वाटा दुसऱ्यापेक्षा ठळकपणे जास्त दिसला तर संकर किंवा विश्लेषणातली चूक यांचा संशय घ्यायचा. अपुरी विभागणी ते एकटीने करत नाही.

तीन-चार जनुकांवर निकाल का लागत नव्हता ते यावरून कळतं.

गाठ सुटली ती कशी

२००९ च्या अभ्यासात पेशीकेंद्रातल्या पाच जनुकांचे सांकेतिक भाग, एकूण सुमारे ५,५०० अक्षरं, एकत्र जोडून वापरले. आपल्या वरच्या हिशोबाने १० लाख वर्षांच्या फांदीसाठी पाच-सहा बदल. थोडे आहेत, पण संथ बदलणाऱ्या भागातले असल्याने टिकलेले. निकाल असा: स्कंक सर्वांत आधी फुटले, मग लाल पांडा, मग रॅकून आणि वीझलची कुलं. या अभ्यासाचं खरं बळ पुढच्या पायरीत आहे. चार कुलांची मुळासह १५ झाडं संभवतात. आवडतं झाड काढून थांबण्याऐवजी लाल पांडा आणि बाकीच्या तीन कुलांच्या नात्याचे सगळे पर्याय सांख्यिकी चाचण्यांनी एकेक तपासले आणि फेटाळले. आपलं झाड उत्तम दिसतं एवढं पुरत नाही. बाकीची झाडं त्याच माहितीवर टिकत नाहीत, हेही दाखवावं लागतं.

अशा विश्लेषणात हात घालणाऱ्याने कुठे लक्ष द्यायचं ते या प्रकरणातून शिकता येतं. प्राणी निवडताना प्रत्येक कुलातून किमान दोन-तीन, आणि तेही त्या कुलातल्या सर्वांत जुन्या फुटीच्या दोन्ही बाजूंचे घ्यावेत. स्कंकांसाठी नुसता पट्टेरी स्कंक पुरत नाही, दुर्गंधी बॅजर हवाच, कारण तो स्कंकांची लांब फांदी मध्ये तोडतो. बाह्यगटात, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या गटाबाहेरच्या प्राण्यांत, सील असलेच पाहिजेत. फक्त कुत्रा घेतला तर मूळ फार लांबून जोडलं जातं, आणि लांब फांद्या एकमेकींकडे ओढल्या जातात.

लाल पांडाची फांदी तोडायची सोय मात्र जिवंत प्राण्यांत नाही. त्याच्या कुलात आज दोनच जाती आहेत, आणि त्या इतक्या अलीकडे वेगळ्या झाल्या की दुसरी जोडून झाडाच्या या भागाला काही फायदा नाही. तीन कोटी वर्षांची ती अखंड फांदी आहे आणि तिचं वजन कायम लक्षात ठेवावं लागतं.

नमुन्यांच्या पातळीवर चुका वेगळ्याच असतात. मायटोकाँड्रियातल्या जनुकांच्या जुन्या नकला पेशीकेंद्रात जाऊन पडलेल्या असतात. प्रायमर (हवा तो भाग वाचायला लावलेला डीएनएचा आखूड धागा) त्यांनाच चिकटला तर भलताच क्रम वाचला जातो. प्रथिनाचं भाषांतर करून मध्येच थांब-कोडॉन (प्रथिन तिथेच संपवणारा संकेत) येतो का हे पाहिलं की असं अनेकदा पकडता येतं. इंट्रॉनमध्ये तुकडे गळालेले किंवा घुसलेले असतात, त्यामुळे रांगा जुळवताना संगणकावर विसंबून न राहता डोळ्यांनी पाहावं. संशयास्पद पट्टे काढून एकदा, ठेवून एकदा असं दोनदा झाड काढावं. जोडलेल्या माहितीवरचा १०० टक्के बूटस्ट्रॅप (माहिती पुन्हा पुन्हा उचलून काढलेल्या झाडांत तीच फांदी किती वेळा येते याचा आकडा) पाहून हुरळून जाऊ नये. माहिती हजारो जनुकांची झाली की चुकीच्या गृहीतावरही बूटस्ट्रॅप १०० येतो. म्हणून जनुकांची झाडं वेगवेगळी काढून त्यातून जातींचं झाड बांधणारी पद्धतही सोबत चालवावी आणि दोन्हींत विसंगती कुठे येते ते नोंदवावं.

२०१५ मध्ये डोरोनिना आणि सहकाऱ्यांनी वेगळा पुरावा वापरला: जीनोममध्ये, म्हणजे प्राण्याच्या संपूर्ण डीएनएमध्ये, उड्या मारून घुसणारे रेट्रोपोझॉन तुकडे. तोच तुकडा त्याच जागी, त्याच ठिकाणी तुटून दोनदा स्वतंत्रपणे घुसण्याची शक्यता जवळजवळ शून्य. तरीही अस्वलं, सील आणि मस्टेलॉइडिया यांच्या सुरुवातीच्या फुटींत परस्परविरोधी तुकडे सापडले. संकर नाही, अपुरी विभागणीच, असा त्यांचा निष्कर्ष होता. झाडाच्या या भागात जनुकांचं एकमत कधीच नव्हतं, आणि कितीही जीनोम वाचले तरी होणार नाही.

खोट्या अंगठ्याची वेगळी कहाणी

जनुकांनी झाड दिलं, पण दोन्ही पांडांच्या मनगटातल्या जादा हाडाचं काय, याचं उत्तर जीवाश्मांनी दिलं. माद्रिदजवळच्या बटायोनेस इथल्या सुमारे ९० लाख वर्षांपूर्वीच्या थरांत सिमोसायॉन या लाल पांडाच्या नातलगाचे सांगाडे मिळाले. २००६ मध्ये सालेसा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की त्यालाही खोटा अंगठा होता. त्याचे दात मात्र बांबू खाणाऱ्याचे मुळीच नाहीत, तो मांस खाणारा होता. म्हणजे या कुलात ते हाड फांदी पकडून चढण्यासाठी वाढलं, आणि बांबू धरायला ते पुढे कामी आलं. मोठ्या पांडात त्याचा बांबूशी संबंध पहिल्यापासूनचा दिसतो. रचना सारखी, वाट वेगळी. २०१७ मध्ये दोन्ही पांडांचे जीनोम शेजारी ठेवले तेव्हा हातापायांच्या वाढीशी जोडलेल्या डीवायएनसी२एच१ आणि पीसीएनटी या जनुकांत समांतर बदल दिसले, आणि मांसाची चव ओळखणारं टीएएस१आर१ हे जनुक दोघांतही निकामी झालेलं आढळलं. एका जनुकावर सगळा भार टाकला असता तर दोन्ही पांडा पुन्हा एकत्र आले असते.

उत्तर अमेरिकेत टेनेसीतल्या ग्रे इथे याच कुलातला प्रिस्टिनायलुरस सापडला, सुमारे ४५ ते ५० लाख वर्षांपूर्वीचा. २००४ मध्ये त्याचं वर्णन झालं. पॅरायलुरसचे अवशेष युरोप, जपान आणि उत्तर अमेरिकेत मिळतात. हे कुल एके काळी उत्तर गोलार्धभर पसरलेलं होतं. आज हिमालय आणि चीनच्या डोंगरात उरलंय ते त्याचं शेवटचं टोक. कालमापन करणाऱ्याने इथे एक काळजी घ्यावी: हे सगळे जीवाश्म आजच्या दोन जातींच्या समान पूर्वजाच्या बाहेरचे आहेत. त्यांचं वय लाल पांडाची फांदी रॅकून-वीझलपासून फुटण्याच्या गाठीलाच लावायचं. चुकून दोन जातींच्या गाठीला लावलं की ती गाठ दोन-अडीच लाखांऐवजी पन्नास ते नव्वद लाख वर्षं मागे जाते आणि अख्खं घड्याळ बिघडतं.

हीच कसोटी वीझलच्या घरात

वीझलच्या कुलात बॅजर म्हणून ओळखले जाणारे प्राणी एका फांदीवर बसत नाहीत. अमेरिकन बॅजर सर्वांत आधी फुटलेला, युरेशियातला बॅजर वेगळा, आपल्याकडे विदर्भातल्या जंगलांत कॅमेऱ्यात सापडणारा रॅटेल (हनी बॅजर) वेगळा, ईशान्य भारतातला फेरेट-बॅजर आणखी वेगळा. दुर्गंधी बॅजर तर या कुलाचाच नाही. खणायची नखं आणि रुंद अंग हे पुन्हा पुन्हा घडलेलं आहे. २००८ मध्ये कोएप्फ्ली आणि सहकाऱ्यांनी २२ जनुकखंड वापरून हे मांडलं. त्याच झाडात पाणमांजरं वीझल-मिंकांच्या फांदीला सर्वांत जवळची निघाली. त्यामानाने मार्टेन लांबचे. कोकण-गोव्याच्या खाड्यांत दिसणारं पाणमांजर आणि निलगिरी मार्टेन हे एकाच कुलातले असले तरी चुलतभावांपेक्षा दूरचे आहेत. शेतात दिसणारं मुंगूस वीझलसारखं लांबट असलं, तरी ते मांसाहारी गणाच्या मांजराकडच्या शाखेतलं आहे. त्याचा या झाडाशी संबंध थेट गणाच्या बुडाशी येतो.

एक कुल, दोन जाती

२०२० मध्ये ६५ लाल पांडांचे संपूर्ण जीनोम तपासून हू आणि सहकाऱ्यांनी हिमालयी आणि चिनी अशा दोन जाती वेगळ्या असल्याचं दाखवलं. त्यांची फूट सुमारे २ लाख २० हजार वर्षांपूर्वीची. चिनी रूपाला स्टायनी हे नाव ओल्डफिल्ड थॉमस यांनी १९०२ मध्येच उपजात म्हणून दिलेलं होतं. दोन्ही जातींमधली सीमा यार्लुंग त्सांगपो नदीवर असावी असं हू आणि सहकाऱ्यांनी सुचवलं. हीच नदी अरुणाचलात सियांग म्हणून उतरते, आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनीही सियांगकडेच बोट दाखवलं. त्यामुळे भारतात दोन्ही जाती आहेत: सिक्कीम, दार्जिलिंग आणि पश्चिम अरुणाचलात हिमालयी, सियांगच्या पूर्वेला चिनी.

दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू प्राणिउद्यानात लाल पांडांचं प्रजनन होतं आणि तिथले प्राणी सिंगालिलाच्या जंगलात सोडले गेले आहेत. अशा कामात जनक-जोडी ठरवताना प्राणी नदीच्या कोणत्या बाजूचा हे आधी तपासायला हवं. इथे सायटोक्रोम बी हे वेगवान जनुक उपयोगी पडतं, कारण दोन-अडीच लाख वर्षांत त्याच्यावरच्या खुणा पुसल्या गेलेल्या नसतात. ते आईकडूनच येत असल्याने बापाची बाजू त्यातून कळत नाही. त्यासाठी नरांमध्ये वाय गुणसूत्रावरच्या आणि सर्वांमध्ये पेशीकेंद्रातल्या इतर खुणा सोबत वाचाव्या लागतात.